स्कॉटलंडचा पूर्व किनारा : लॉक नेस सोडून बोलू

उत्तरवारा (धागाकर्ता)

दर उन्हाळ्यात इथे कोणीतरी विचारतंच, 'लंडनला जोडून स्कॉटलंड कसं करावं?' उत्तरंही ठरलेली. एडिंबरा, लॉक नेस, स्काय बेट आणि परत. लॉक नेसला लोक तासभर तळ्याकडे बघतात, तळं त्यांच्याकडे बघतं, मग फ्रिजला लावायचे चुंबक घेऊन सगळे बसमध्ये बसतात. स्काय सुंदर आहे, वादच नाही. पण पूर्वेचा किनारा मात्र कुणाच्या यादीत नसतो. मी अ‍ॅबरडीनला तेलाच्या धंद्यावर पोट भरणारा माणूस. इथली आपली मंडळीसुद्धा पाहुणे आले की गाडी पश्चिमेलाच वळवतात. म्हणून हा धागा. ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहा, जायचंय त्यांनी विचारा. सुरुवात फाइफपासून करतो.

एडिंबराच्या समोर, फोर्थ आणि टे या दोन खाड्यांच्या मध्ये समुद्रात घुसलेला भाग म्हणजे फाइफ. त्याच्या पूर्व टोकाशी इली, सेंट मोनन्स, पिटनवीम, अ‍ॅन्स्ट्रदर आणि क्रेल ही बंदरं अगदी लागून आहेत. आज झोपाळू वाटतात, पण एके काळी इथून मासे, मीठ आणि कोळसा थेट हॉलंड आणि बाल्टिकपर्यंत जायचा. परतीच्या जहाजांत वजन म्हणून लाल कौलं भरून यायची, असं सांगतात. खरं-खोटं काही असो, छपरं लाल आणि वळणदार कौलांची आहेत, आणि घरांच्या बाजूच्या त्रिकोणी भिंतींना वरपर्यंत पायऱ्या पायऱ्या काढलेल्या आहेत. क्रेलचं बंदर तर इतकं लहान की एका नजरेत मावतं. भरतीला फोटो काढायला गर्दी असते. मला ते ओहोटीला जास्त आवडतं. होड्या चिखलात कलंडलेल्या, धक्क्यावर खेकडे-शेवंडांचे पिंजरे रचलेले आणि वास असा की पोटात कालवतं किंवा भूक लागते, ज्याचा त्याचा स्वभाव.

या गावांमधून फाइफ कोस्टल पाथ जातो. पूर्ण वाट १८७ किलोमीटरची. ती सगळी करायची काही गरज नाही. क्रेल ते अ‍ॅन्स्ट्रदर एवढी केली तरी पुष्कळ. वाटेत केप्लीच्या गुहा लागतात. वाऱ्यापाण्याने पोखरलेला पिवळट-तांबूस खडक आणि आत भिंतीवर सुरुवातीच्या ख्रिस्ती साधकांनी कोरलेले क्रूस. तिकीट नाही, कुंपण नाही, रखवालदार नाही. सेंट मोनन्सला चौदाव्या शतकातलं चर्च इतकं पाण्याला खेटून आहे की वादळात लाटांचे तुषार त्याच्यावर उडतात. गावाबाहेर एक पवनचक्की उभी आहे. तिने समुद्राचं पाणी वर खेचायचं आणि खाली कोळशाच्या भट्ट्यांवर आटवून मीठ करायचं, असा अठराव्या शतकातला कारखाना होता. आपल्याकडे मिठागराला ऊन पुरतं, इथे ते कुठून आणणार? कोळसा जाळून मीठ काढत. आणि कोळसा जवळच सापडत असल्यामुळेच ते परवडत होतं.

बाकी क्रमशः. आधी बघू कोणाला रस आहे का.

ठाणेकरीण

रस आहे! ऑगस्टमध्ये आईबाबांना घेऊन जायचा विचार आहे. बाबांचे गुडघे बोलतात. गाडी चालवायची हिंमत नाही. बसने जमेल का? आणि आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही.

उत्तरवारा

ठाणेकरीण, फाइफ बसने उत्तम जमतं. फाइफमधलं मुख्य गाव सेंट अँड्र्यूज, तिथे रेल्वे नाही, ती १९६९ मध्ये बंद झाली. एडिंबराहून लूकर्सला उतरायचं, स्टेशनबाहेरूनच बस मिळते. सेंट अँड्र्यूजहून ९५ नंबरची बस क्रेल, अ‍ॅन्स्ट्रदर, पिटनवीम करत किनाऱ्याने लेव्हनपर्यंत जाते. वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा, बाबांना सगळा किनारा बसल्या जागी दिसेल. फक्त या गावांत मुख्य रस्ता वर आणि बंदर खाली असतं, आणि मधले बोळ उताराचे. उतरताना काही वाटत नाही, चढताना गुडघे बोलतील.

आईंच्या जेवणाचं जरा सांभाळून. मसुराचं सूप बहुतेक कॅफेत असतं, फक्त ते हॅमच्या पाण्यात शिजवलंय का ते विचारायचं. हॅगिस (मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा इथला पदार्थ) शाकाहारीही मिळतं. खरी गोम चिप्सची आहे. या किनाऱ्यावरच्या कित्येक फिश अँड चिप्सच्या दुकानांत तळायला गाईची चरबी वापरतात, आणि बटाटेही त्यातच तळतात. 'आम्ही फक्त चिप्स खाल्ल्या' म्हणणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. तेलात तळणारी दुकानंही आहेत आणि विचारलं तर कोणी वाईट मानत नाही.

हट्टी_प्रवासी

माफ करा, पण मी थोडा विरुद्ध सूर लावतो. आम्ही याच भागात गेलो होतो. एका टूरवाल्याने 'ऐतिहासिक किनारपट्टी' म्हणून पैसे घेतले आणि सेंट अँड्र्यूजला तासभर सोडलं, बाकी सगळं बसच्या काचेतून. पुढच्या खेपेला स्वतः गेलो तर दिवसभर धुकं. पाच वाजता कॅफे बंद. करड्या दगडाची घरं, करडा समुद्र, करडं आकाश. तिसऱ्या गावानंतर मला ती सगळी सारखीच दिसायला लागली. इतके पैसे खर्चून यापेक्षा इटली बरी.

उत्तरवारा

हट्टीभाऊ, तासाभरात सेंट अँड्र्यूज म्हणजे त्या टूरवाल्याला दंडवतच. कॅफे लवकर बंद होतात हे शंभर टक्के खरं, साडेचारला स्वयंपाकघर आवरायला घेतात. आणि धुक्याचं म्हणाल तर ते इथलं खास आहे. वसंत आणि उन्हाळ्यात जमिनीकडची उबदार हवा थंड उत्तर समुद्रावरून सरकली की दाट धुकं तयार होतं आणि पुरवैया त्याला थेट किनाऱ्यावर आणून सोडतो. लोक त्याला हार म्हणतात. गंमत अशी की किनाऱ्यावर स्वेटर घालून कुडकुडत असताना पाच-सात किलोमीटर आत लोक उन्हात आइस्क्रीम खात असतात. त्यामुळे हार आला की बसून राहायचं नाही, आत जायचं. फाइफमध्ये असाल तर फॉकलंडचा राजवाडा आहे, कलरॉस आहे (उच्चार 'कूरस' करा, नाहीतर बसवाला दोनदा विचारतो). कलरॉसला जॉर्ज ब्रूसने १५९७ पासून बांधलेला गेरू-पिवळा वाडा आहे. राजवाडा म्हणतात त्याला, पण हा होता कोळसा आणि मिठाचा व्यापारी. या पठ्ठ्याने खाडीच्या तळाखालून कोळशाची खाण काढली होती, चारशे वर्षांपूर्वी.

सगळी गावं सारखी दिसतात हे मात्र मान्य नाही. पण इटली बरी असं वाटणाऱ्याला अडवणारा मी कोण?

लाल_झगा

सेंट अँड्र्यूजला शिकतेय, त्यामुळे मला बोलायलाच हवं! तासाभरात लोक गोल्फ बघतात आणि जातात. ज्यांना गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी: ओल्ड कोर्स हे इथलं जुनं गोल्फचं मैदान रविवारी खेळासाठी बंद असतं. त्या दिवशी तिथे कोणीही फिरावं, लोक कुत्री घेऊन येतात, मैदानावरच्या दगडी पुलावर उभं राहून फोटो काढावेत. फुकट.

पण माझ्या मते खरं गाव दुसऱ्या टोकाला, कॅथीड्रलच्या बाजूला आहे. ११५८ मध्ये बांधायला घेतलं, १३१८ मध्ये राजा रॉबर्ट द ब्रूसच्या उपस्थितीत त्याचा अभिषेक झाला. म्हणजे काम दीडशेहून जास्त वर्षं चाललं. स्कॉटलंडमधलं सगळ्यात मोठं चर्च होतं ते. १५५९ मध्ये प्रोटेस्टंट सुधारक जॉन नॉक्सने गावात प्रवचन दिलं, जमावाने आतल्या मूर्ती आणि सजावट फोडली आणि त्यानंतर कोणी डागडुजी केलीच नाही. पुढे लोकांनी घरं बांधायला त्याचेच दगड नेले. आता दोन टोकांच्या भिंती उभ्या आहेत आणि मध्ये हिरवळ. गावात फिरताना एखाद्या परसातल्या भिंतीत एकदम सुबक घडवलेला दगड दिसतो, तो कुठून आला असेल हे सांगायला नको.

किल्ला चुकवू नका. १५४६ मध्ये कॅथलिक कार्डिनल बीटनने जॉर्ज विशार्ट या प्रोटेस्टंट सुधारकाला इथे जाळलं. दोन-तीन महिन्यांत विशार्टच्या बाजूच्या लोकांनी किल्ल्यात घुसून बीटनला मारलं आणि किल्लाच बळकावला. बाहेरून सरकारी फौजेने वेढा घातला आणि भिंतीखाली सुरुंग लावायला खडकातून भुयार खणायला घेतलं. आतल्यांना ठोकाठोकीचा आवाज आला. त्यांनी आतून उलटं भुयार खणायला घेतलं, नुसत्या आवाजावरून. एकदा चुकले, पुन्हा चुकले, शेवटी नेमके वर निघाले. ही दोन्ही भुयारं आजही आहेत आणि आत जाता येतं! बाहेरच्यांचं भुयार ऐसपैस, पायऱ्या काढलेलं, कारण त्यांना वेळ होता. आतल्यांचं वाकडंतिकडं आणि इतकं बुटकं की मला जवळजवळ रांगावं लागलं, मी पाच फूट एक इंच आहे. दोन्ही जिथे मिळतात तिथे एक लोखंडी शिडी आहे, पाणी ठिबकत असतं. (ठाणेकरीण, बाबांना वर हिरवळीवर बसवा.) वेढा १५४७ मध्ये फ्रेंच आरमाराने तोफा डागून संपवला, आणि पकडलेल्यांत जॉन नॉक्सही होता, त्याला वल्हवणारा गुलाम म्हणून गलबतावर नेलं. बारा वर्षांनी परत येऊन त्याने काय केलं ते वर लिहिलंच आहे.

आणखी एक. युनिव्हर्सिटीच्या एका दारासमोर फरसबंदीत पी आणि एच ही अक्षरं आहेत. पॅट्रिक हॅमिल्टन या आणखी एका सुधारकाला १५२८ मध्ये तिथे जाळलं. त्यावर पाय दिला तर परीक्षेत नापास होतो म्हणतात. मी विज्ञान शिकते, माझा यावर विश्वास नाही, मी वळसा घालून जाते.

हट्टी_प्रवासी

हे भुयार आम्हाला कोणी दाखवलंच नाही. घ्या.

वसईची_मावशी

वाचतेय. लाल झगा, छान लिहिलंस गं.

मला मासळीचं सांगा. आम्ही गेल्या वर्षी लेकाकडे आलो तेव्हा आर्ब्रोथला गेलो होतो, कारण मी हट्टच धरला होता. तिथे स्मोकी म्हणून जो हॅडॉक मासा मिळतो तो करताना पाहिला, ते लिहिते. डोकं काढून साफ केलेले मासे आधी मिठात. मग दोन-दोन मासे शेपटीला सुतळीने बांधून जोडी करतात आणि जोडी काठीवर टाकतात, एक मासा इकडे, एक तिकडे. आम्ही बोंबील दोरीवर घालताना एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवून जोडी करतो, अगदी तेच डोकं! मग काठ्या पिंपावर आडव्या. पिंपात खाली लाकडाची आग, बीच नाहीतर ओकची. वरून ओलं गोणपाट झाकायचं. सगळी कसब त्या गोणपाटात. कोरडं पडलं तर आग भडकते, फार ओलं झालं तर विझते. तो माणूस सारखा हात लावून बघत होता आणि गोणपाटाची घडी मागेपुढे करत होता. तासाभरात मासा तांब्याच्या रंगाचा होतो, आतून मात्र पांढरा, ओलसर. कागदावर घेऊन हातानेच खाल्ला. मीठ आणि धूर, बाकी काही नाही. मला वाटलं होतं मसाला आठवेल. नाही आठवला.

तिथे कळलं की हा प्रकार मूळचा आर्ब्रोथचा नाहीच, जवळच्या ऑखमिथी नावाच्या खेड्याचा. कोळी तिथून आर्ब्रोथला आले आणि सोबत ही विद्याही आली. ऑखमिथीच्या बायका नवऱ्यांना पाठुंगळी घेऊन होडीपर्यंत सोडायच्या म्हणे, दिवसभर ओल्या पायांनी बसायला नको म्हणून. मी हे लेकाला सांगितलं, तो म्हणाला, 'बघ, बाबांना सांगू नकोस.'

उत्तरवारा

मावशी, दंडवत. यावर मी काय लिहिणार. एवढंच जोडतो की स्मोकीला २००४ पासून युरोपचं भौगोलिक मानांकन आहे. आर्ब्रोथच्या आठ किलोमीटरच्या परिघात केलेल्यालाच ते नाव लावता येतं.

आणि आर्ब्रोथला गेलात तर मठाचे अवशेष बघा. १३२० मध्ये स्कॉटिश सरदारांनी पोपला लिहिलेलं स्वातंत्र्याचं पत्र इथूनच निघालं. बंदराजवळ सिग्नल टॉवर आहे. किनाऱ्यापासून अठरा किलोमीटरवर भरतीला बुडणाऱ्या खडकावर रॉबर्ट स्टीव्हन्सन या अभियंत्याने बेल रॉकचं दीपगृह बांधलं. काम फक्त उन्हाळ्यात आणि तेही ओहोटीच्या काही तासांत. १८११ मध्ये दिवा लागला, अजून उभं आहे. राखणदारांची कुटुंबं या टॉवरमध्ये राहायची, आणि इथून तिथे खुणांनी निरोप जायचे. आता टॉवरमध्ये संग्रहालय आहे.

ज्यूटमिल

मावशींच्या गोणपाटावरून आलो. मी शेजारच्या डंडीला असतो. हे अख्खं शहर एके काळी गोणपाटावरच चालायचं. बंगालचा ताग इथे येई. तागाचा धागा कोरडा, यंत्रावर तुटायचा. डंडी हे व्हेलच्या शिकारीचं बंदर, त्यामुळे व्हेलचं तेल हाताशी होतं. तेल-पाणी लावून ताग मऊ करायची युक्ती सापडली आणि गिरण्यांचं पीकच आलं. पुढे हुगळीकाठी गिरण्या निघाल्या, त्या चालवायला डंडीचीच माणसं गेली, आणि कलकत्त्याने डंडीचा धंदा बसवला. व्हर्डंट वर्क्स नावाच्या जुन्या गिरणीत संग्रहालय आहे, यंत्रं चालवून दाखवतात. आवाजाने कान बधिर होतात, त्यावरून तिथे राबणाऱ्या बायकांचं काय होत असेल याचा अंदाज येतो.

आपल्यासाठी आणखी एक धागा. पॅट्रिक गेडिस इथे डंडीला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात आले आणि तिथला समाजशास्त्र विभाग त्यांनी सुरू केला. आपले डॉ. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी.

काठीवाले_आजोबा

नमस्कार मंडळी. वय बहात्तर. मुलीबरोबर अ‍ॅबरडीनच्या दक्षिणेला, स्टोनहेवनला राहिलो होतो. तिथून कड्याच्या वाटेने डनॉटर किल्ला तीनेक किलोमीटर. मी राजगड-तोरणा तरुणपणी पुष्कळ केले, त्यामुळे किल्ला म्हटलं की माझी मापं वेगळी असतात. तटबंदी किती, पाणी कुठे, चोरवाट कुठली. डनॉटर त्या मापाला उतरतो. समुद्रात घुसलेला खडकाचा सुळका, तिन्ही बाजूंनी सरळ कडे, जमिनीकडून आधी खाली दरीत उतरायचं आणि मग पुन्हा चढायचं. दरवाजा अरुंद बेचक्यात. पाण्याचं मोठं टाकं वर मधोमध आहे.

इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या फौजेने स्कॉटलंड घेतलं तेव्हा राजाचा मुकुट, राजदंड आणि तलवार या किल्ल्यात लपवली होती. आठ महिने वेढा चालला. १६५२ मध्ये किल्ला पडला, आत शिरून बघतात तर मुकुट नाही. जवळच्या किनेफ गावच्या धर्मोपदेशकाची बायको क्रिश्चन फ्लेचर हिने ही शाही चिन्हं बाहेर काढवली, आणि नवराबायकोने ती चर्चच्या फरशीखाली पुरली. कशी काढली याच्या दोन कथा आहेत. एक, कड्यावरून दोराने खाली समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्या मोलकरणीच्या टोपलीत. दुसरी, स्वतः तिने जवसाच्या काड्यांच्या भाऱ्यातून, थेट शत्रूच्या छावणीतून. मला दुसरी खरी असावीशी वाटते. पुरावा काही नाही, पण वेढ्यातून जायला सगळ्यात सोपा रस्ता समोरचाच असतो. आठ वर्षं ती चिन्हं जमिनीखाली होती. एडिंबराच्या किल्ल्यात लोक ती रांग लावून पाहतात, तिथे पाहण्याआधी इथे यावं.

एक कोठडीही आहे. १६८५ मध्ये १६७ बायका-पुरुषांना धर्माच्या भांडणावरून एका तळघरात कोंडलं होतं. समुद्राकडे एक खिडकी. मी तिथे फार थांबलो नाही.

पायऱ्या शे-दोनशे आहेत. काठी आणि कठडा धरून जमल्या, उतरताना मुलगी पुढे. वारा फार असेल तर किल्ला बंद ठेवतात, निघण्यापूर्वी चौकशी करावी.

ठाणेकरीण

आजोबा, बाबांना वाचून दाखवलं. ते आता म्हणतायत, 'बहात्तरचा माणूस जातो तर मी अडुसष्टचा.' आता मी काय करू!

लाल_झगा

स्टोनहेवनला पोहायलाही जा! १९३४ चा उघडा तरणतलाव आहे, पाणी समुद्राचं पण गरम केलेलं. उन्हाळ्यात काही बुधवारी मध्यरात्री पोहायला सोडतात. बाहेर बारा अंश, पाणी एकोणतीस.

अजिंक्यताऱ्याखाली

इतका वेळ वाट बघत होतो की कोणीतरी बँफचं नाव काढेल. नाही काढलं. म्हणून मीच.

बँफ हे उत्तरेला मोरे फर्थ या खाडीच्या काठचं जुनं बंदर. सातारकराला ते माहीत असायलाच हवं, कारण जेम्स ग्रँट डफ इथे १७८९ मध्ये जन्मला. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये एल्फिन्स्टनने त्याला साताऱ्याला नेमलं, छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी. तिथे बसून त्याने कागद गोळा केले, नकला करवल्या, जुन्या घराण्यांना विचारलं. १८२२ मध्ये प्रकृतीने साथ सोडली म्हणून मायदेशी परतला. आईकडून बँफजवळची ईडन नावाची जहागीर मिळाली, म्हणून ग्रँटच्या पुढे डफ लागलं. १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडी इतिहास बाहेर आला. त्याच्या मुलाचं नाव त्याने माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ ठेवलं, साहेबावर एवढी निष्ठा. हा मुलगा पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला.

आता या माणसाबद्दल माझं मत. त्याने मराठी सत्तेचा उदय सह्याद्रीतल्या वणव्यासारखा अचानक भडकलेला दाखवला, त्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी सडकून उत्तर दिलं, राजवाड्यांनी तर त्याच्या चुका काढतच साधनांचे खंड उभे केले. ते योग्यच होतं. पण कागद बघून, तारखा जुळवून लिहायचं ही शिस्त त्याच्याशी भांडता भांडताच आपल्याकडे पक्की झाली. म्हणून मला त्याचं गाव बघायचं होतं. बँफमध्ये 'डफ' म्हटलं की लोक डफ हाउसकडे बोट दाखवतात. तो वेगळ्या, बड्या डफांचा महाल. विल्यम अ‍ॅडम या वास्तुविशारदाने १७३५ पासून बांधला, खर्चावरून मालकाचं आणि त्याचं इतकं बिनसलं की मालक तिथे राहायलाच गेला नाही. जवळून जाताना बग्गीचे पडदे ओढून घ्यायचा म्हणतात. आता आत चित्रसंग्रह आहे. समोर डेव्हरन नदीवर सात कमानींचा पूल, जॉन स्मीटनने बांधलेला. पलीकडे मॅकडफ.

हट्टी_प्रवासी

ग्रँट डफच्या नावाने तीर्थयात्रा? ज्याने शिवाजीमहाराजांबद्दल काय काय लिहिलं त्याच्या गावाला जाऊन आरती ओवाळायची?

अजिंक्यताऱ्याखाली

आरती कोणी ओवाळली नाही साहेब. गाव बघितलं. ज्याच्याशी दोनशे वर्षं वाद घालतोय तो कुठल्या मातीतून आला हे बघण्यात काय वावगं? समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की एवढं कळतं की या गावातून सतराव्या वर्षाच्या आसपास मुलं हिंदुस्थानात का जात होती. थोरल्याला जमीन, धाकट्याला समुद्र नाहीतर कंपनी सरकार. नकाशा उघडून बघा, इथल्या प्रत्येक खेड्यातला कोणीतरी मुंबई इलाख्यात होता.

उत्तरवारा

वाद इथेच थांबवू या, दोघेही आपापल्या जागी ठीक आहात. ग्रँट डफसाठी वेगळा धागा काढा, मी येईन.

बँफची आणखी एक दंतकथा. जेम्स मॅकफर्सन नावाचा दरोडेखोर, फिडल (व्हायोलिन) वाजवण्यात पटाईत. १७०० मध्ये त्याला इथे फाशी दिलं. माफीचा हुकूम घेऊन घोडेस्वार निघाला होता, हे कळल्यावर गावच्या पुढाऱ्यांनी घड्याळ पुढे करून आधीच उरकून घेतलं, असं सांगतात. फासावर चढण्याआधी त्याने फिडल कोणी घेतं का विचारलं, कोणी पुढे आलं नाही, तेव्हा गुडघ्यावर आपटून फोडली. माफीचं खरं असो नसो, या भागात त्या पुढे केलेल्या घड्याळावरून अजून विनोद होतात.

पण बँफला गेलात तर पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवर क्रोवी आहे, ते चुकवाल तर पस्तावाल. उच्चार 'क्रिव्ही'. कड्याच्या पायथ्याशी एकच ओळ घरांची. बहुतेक घरांची अरुंद बाजू समुद्राकडे, म्हणजे लाटांचा मारा कमी लागावा. घर आणि समुद्र यांच्यात एक पाऊलवाट, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दारात सरकायचं. गाडी आत जाऊच शकत नाही. ओळीच्या टोकाला गाड्या उभ्या असतात, तिथून सामान हातगाडीवर. सिलिंडर, वाणसामान, फ्रीज, सगळं. प्रत्येक दाराशी एक हातगाडी टेकवलेली आणि तिच्यावर घराचं नाव रंगवलेलं पाहिलंय मी. जमीनदारांनी मेंढ्यांसाठी शेतं मोकळी करून घेतली तेव्हा आतल्या भागातल्या कुळांना किनाऱ्यावर ढकललं, त्यातून अशी गावं वसली. नांगर सोडून होडी धरली. ३१ जानेवारी १९५३ च्या वादळाने पाऊलवाट आणि काही घरं वाहून नेली, त्यानंतर मूळची बरीच कुटुंबं सोडून गेली. आता कित्येक घरं सुट्टीपुरती भाड्याने दिली जातात. रात्री दिवे मोजले तर कायमचं राहणारं किती हे कळतं.

शेजारच्या ट्रूप हेडवर गॅनेट पक्ष्यांची वसाहत आहे, मुख्य भूमीवरची स्कॉटलंडमधली सगळ्यात मोठी. मेपासून ऑगस्टपर्यंत हजारो पक्षी. नाक बंद करायची तयारी ठेवा.

वसईची_मावशी

हेरिंगचं कोणी लिहिलं नाही. ती आमच्या तारलीच्याच कुळातली. अ‍ॅन्स्ट्रदरच्या मासेमारी संग्रहालयात हेरिंग कापणाऱ्या मुलींचे फोटो आहेत. होड्या शेटलंडपासून इंग्लंडच्या यार्मथपर्यंत माशांमागे जायच्या आणि या मुली रेल्वेने किनाऱ्या-किनाऱ्याने. तिघींचा गट, दोघी कापणार, एक पिंपात मिठाचे थर भरणार. बोटं सुरीने कापू नयेत म्हणून कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या. मीठ जखमेत जायचंच. फोटोत सगळ्या हसतायत आणि चालताना हातात विणकाम. रिकामा हात नाही कोणाचाच. मी त्या फोटोंसमोर सगळ्यात जास्त वेळ उभी होते, लेक म्हणे, 'आई, बोट सुटेल.'

ठाणेकरीण

कुठली बोट, मावशी?

वसईची_मावशी

मे नावाच्या बेटाची गं. अ‍ॅन्स्ट्रदरहून सुटते. पफिन पक्षी बघायला.

उत्तरवारा

ठाणेकरीण, ऑगस्टमध्ये पफिन नसतात. एप्रिलमध्ये येतात आणि जुलै संपता संपता समुद्रात निघून जातात. बेट मात्र तरीही बघण्यासारखं आहे, सील असतात. स्कॉटलंडमधलं पहिलं दीपगृह १६३६ मध्ये इथे सुरू झालं, वर उघड्यावर कोळसा जाळायचे. १७९१ मध्ये साठलेल्या राखेच्या धुराने राखणदाराचं कुटुंब झोपेतच गुदमरलं, तान्हं मूल तेवढं वाचलं. आताचं दीपगृह स्टीव्हन्सनचं, १८१६ चं, लहानशा किल्ल्यासारखं दिसतं. पण समुद्र खवळला तर फेरी रद्द होते, त्यामुळे शेवटच्या दिवशी ठेवू नका. आणि बेटावर उतरायला-चढायला धक्का निसरडा आहे, बाबांचं बघा.

तारखा बदलता येत असतील तर मे किंवा जूनचा पहिला पंधरवडा. रात्री दहालाही उजेड असतो, पफिन असतात, शाळांना सुट्ट्या नसतात. या किनाऱ्यावर वारा असल्यामुळे पश्चिमेसारखे चावरे किडेही फार नसतात.

ठाणेकरीण

जूनच करते मग. फाइफ, आर्ब्रोथ, स्टोनहेवन एवढं बसने आणि रेल्वेने. बँफसाठी काय करू? बाबा आता डफ हाउस म्हणतायत, ते सगळं वाचत बसलेत.

अजिंक्यताऱ्याखाली

बँफला रेल्वे नाही. अ‍ॅबरडीनहून थेट बस आहे, दोन तास धरा. बस मॅकडफवरून येते, पूल ओलांडतानाच डाव्या हाताला डफ हाउसची झाडी दिसते. पोर्टसॉयचं सतराव्या शतकातलं बंदर आणि कलन त्याच बसने पुढे. कलनला हॅडॉक, बटाटा आणि दूध घालून सूप करतात, बाबा मासे खात असतील तर तिथेच खा. आणि आईंना सांगा, अ‍ॅबरडीनकडचे बटरी नावाचे चपटे खारे पाव दिसायला निरुपद्रवी असतात, पण पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी असते.

ठाणेकरीण

बाबा मासे खातात. आई नाही. आईसाठी डब्यात दशम्या नेते.

उत्तरवारा

दशम्या कस्टम्समधून येतात, फक्त आत तूप-दही नको. दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत.  अ‍ॅबरडीनला पोचलात की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तूप माझ्याकडे आहे.